तापाचा रकाना

देशात कुठे कोणती साथ आली हे सांगणारा एक साप्ताहिक अहवाल दिल्लीचे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र प्रसिद्ध करत आले आहे. तो कोणी वाचावा म्हणून लिहिलेला नसतो. राज्य, जिल्हा, आजार, रुग्ण, मृत्यू, सुरुवातीची तारीख, कळवल्याची तारीख, सद्यस्थिती असे रकाने आणि शेवटी शेऱ्याचा एक रुंद रकाना. वाक्ये भेटतात ती या शेवटच्या रकान्यात. अमुक तालुक्यातल्या तमुक गावातून रुग्ण आले. पथकाने गावाला भेट दिली. घरोघर सर्वेक्षण करण्यात आले. लक्षणांनुसार उपचार देण्यात आले. आरोग्यशिक्षण देण्यात आले. आसाम असो की अमरावती, वाक्ये हीच. पन्नास नोंदी सलग वाचल्या की लक्षात येते, या गद्यात कर्ता नाही. सगळे काही 'करण्यात आले' आहे. कोणी केले हे नाही, आणि ज्याला ताप आला तो माणूस तर संख्या झाल्यावरच आत येतो.

हा मजकूर साहित्य म्हणून तपासणे काहींना वात्रटपणा वाटेल. पण ज्या लेखनावरून औषधे कुठे पाठवायची, तपासणीचे किट कुठे द्यायचे हे ठरते, त्याची वाक्यरचना पाहायला हरकत नसावी. शिवाय फ्लूच्या बाबतीत भाषेचा प्रश्न पहिल्या शब्दापासून सुरू होतो. ताप हा आपल्याकडे आजारही आहे आणि लक्षणही. 'ताप आला' म्हटले की वणीच्या दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला मलेरिया, डेंगी, टायफॉइड, स्क्रब टायफस, फ्लू आणि पावसात भिजून आलेली कणकण यांतून निवडायचे असते. बहुतेक वेळा तो निवडत नाही. 'व्हायरल आहे' म्हणतो आणि गोळ्या देतो. 'व्हायरल' हा गेल्या काही दशकांतला मराठीतला सर्वांत उपयोगी वैद्यकीय शब्द असावा. तो रोग्याचे समाधान करतो आणि नोंदीला काहीही देत नाही.

नोंद होते ती अशी. २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा तीन नमुने ठरले: एस, पी आणि एल. एस नमुना उपकेंद्रातली आरोग्यसेविका भरते, केवळ लक्षणांवरून. पी नमुना डॉक्टर भरतो, तपासून पण प्रयोगशाळेविना, अंदाजाने. एल नमुना प्रयोगशाळेचा. सोमवार ते रविवार असा आठवडा धरून हे कागद प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा अशा पायऱ्यांनी पुण्याला राज्याच्या कक्षाकडे आणि तिथून दिल्लीला जात. २०२१ पासून हे काम नव्या संगणकीय मंचावर गेले आणि कागदाची जागा पडद्याने घेतली. रकाने फारसे बदलले नाहीत.

एस नमुना मला या तिघांत सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण तो रोगाचे नाव घेत नाही. ताप सात दिवसांपेक्षा कमी की जास्त, पुरळ आहे का, झटके आहेत का, रक्तस्राव आहे का. खोकला तीन आठवड्यांपेक्षा कमी की जास्त. जुलाब, कावीळ, लहान मुलाला अचानक आलेला लुळेपणा. आणि शेवटी एक रकाना असा की वरच्या कशातही न बसणारी, माणसाला दवाखान्यात किंवा मरणापर्यंत नेणारी लक्षणे असतील तर ती इथे लिहावी. ज्याने हा शेवटचा रकाना ठेवला त्याला आपल्या यादीच्या मर्यादा ठाऊक होत्या. त्याच्याकडे परत यावे लागेल.

वणीच्या बाजूने हा नमुना वाचला तर पहिला अडथळा खोकल्याचा. तालुक्याच्या एका अंगाला कोळसा आहे, राजूरकडे चुन्याचा दगड आहे, आणि कापूस सगळीकडे आहे. खाणींतून निघालेले ट्रक ज्या रस्त्याने जातात त्या रस्त्यालगतच्या घरात खोकला हा ऋतूचा नसतो, घरचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या सांगते की मोजलेला ३८ अंश ताप, खोकला, आणि सुरुवात गेल्या दहा दिवसांत, असे असेल तर तो इन्फ्लुएन्झासदृश आजार. आपल्या घरांत ताप फॅरनहाइटमध्ये मोजतात, तोही मोजलाच तर, म्हणून 'शंभरच्या वर' असे समजू. पण ज्याचा खोकला दहा महिन्यांपूर्वी सुरू झाला आहे त्याने दहा दिवसांचा प्रश्न कसा सोडवायचा? व्याख्या चुकीची नाही. जगभरातल्या देशांची तुलना करायची तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते. मात्र ती रेघ ओढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एरवी न खोकणारा माणूस होता, एवढे नक्की.

(हाच ताप-खोकला घेऊन माणूस दवाखान्यात भरती झाला की इंग्रजी आद्याक्षरांनी त्याचे 'सारी' होते. कोविडच्या पहिल्या उन्हाळ्यात मराठी वर्तमानपत्रांत 'सारीचे रुग्ण वाढले' असे मथळे येत आणि ते वाचताना क्षणभर सारी दुनियाच आजारी पडल्यासारखे वाटे. मथळे देणाऱ्यांचा तसा हेतू नव्हता.)

दुसरा अडथळा मोठा आहे आणि तो नियमातच आहे. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला आणि तपासणीसाठी रांगा लागल्या, तेव्हा केंद्राने रुग्णांचे तीन वर्ग केले. 'अ' वर्गात सौम्य ताप-खोकला: घरी राहा, तपासणी नको. 'ब' वर्गात जास्त ताप, किंवा गरोदरपण, मधुमेह, वय असा धोका: टॅमीफ्लू द्या, तपासणी नको. 'क' वर्गात धाप, छातीत दुखणे, रक्तदाब उतरणे: भरती करा आणि घशाचा नमुना पाठवा. उपचारासाठी ही विभागणी शहाणपणाची होती आणि आजही आहे. प्रयोगशाळा मोजक्या, किट महाग, आणि सौम्य रुग्णाचा निकाल येईपर्यंत तो बरा होऊन शेतात गेलेला असतो. पण पुढे आकडा छापताना एक गोष्ट गाळली जाते. 'रुग्ण' म्हणून छापलेला आकडा हा मुख्यतः 'क' वर्गाचा असतो.

२०१५ साली देशात ४२ हजारांवर रुग्ण आणि तीन हजारांच्या जवळपास मृत्यू नोंदले गेले. म्हणजे चौदांत एक. २०१७ साली महाराष्ट्रात सहा हजारांवर रुग्ण, ७७८ मृत्यू. आठांत एक. असा फ्लू खरोखर असता तर पावसाळ्यात प्रत्येक वाड्यावस्तीवर स्मशानात रांग लागली असती. हंगामी फ्लूने मरणाऱ्यांचे प्रमाण याच्या आसपासही नसते. भागाकार बरोबर आहे, छेद चुकीचा आहे. छेदात जे लाखो तापलेले लोक असायला हवे होते ते 'अ' आणि 'ब' वर्गात घरी पडून होते, आणि बरेचसे सरकारी दवाखान्याच्या पायरीपर्यंतही गेले नव्हते. उलट्या बाजूने, मृत्यूंचा आकडाही तोकडाच असणार. दमेकरी म्हातारा पावसाळ्यात तापाने अंथरूण धरतो आणि आठव्या दिवशी जातो. त्याच्या घशात कोणी काडी घालत नाही. भारतात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू सुमारे पाचवा हिस्साच असतात. अंशही कमी आणि छेद त्याहून कितीतरी कमी, आणि या दोघांतून निघालेली टक्केवारी छापील अक्षरांत मात्र ठाम दिसते.

कोविडच्या दोन वर्षांत काय झाले पाहा. २०१९ साली देशात २८ हजारांवर एच१एन१ रुग्ण होते. २०२१ साली आठशेच्या आत. मुखपट्ट्या, बंद शाळा, थांबलेला प्रवास यांनी फ्लू जगभर खरोखर ओसरला. त्याच्या 'बी' प्रकारातली यामागाता नावाची एक शाखा तर मार्च २०२० नंतर खात्रीलायक सापडलेली नाही, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती लशीतून वगळण्याचा सल्ला दिला. पण त्याच काळात आपल्या प्रयोगशाळा कोविडच्या नमुन्यांखाली दबून गेल्या होत्या. किती आजार खरोखर घटला आणि किती शोधायचा राहिला, हे त्या आकड्यावरून वेगळे काढता येत नाही. आकड्याला स्वतःविषयी बोलता येत नाही, त्याच्या शेजारी किती नमुने तपासले हे छापावे लागते. विषाणुशास्त्राचे अहवाल ते छापतात. बातम्या छापत नाहीत.

बातम्यांची भाषा हा तर वेगळाच प्रकार. दर जुलैत स्वाइन फ्लू 'डोके वर काढतो', ऑगस्टमध्ये त्याचा 'विळखा' घट्ट होतो, सप्टेंबरात तो 'थैमान' घालतो आणि प्रशासन 'अलर्ट मोडवर' जाते. आधी साप, मग राक्षस. सरकारी अहवालात कर्ताच नाही आणि वर्तमानपत्रात कर्ता फक्त रोग आहे. दोन्हीकडे माणूस कर्मात.

ज्या अर्थाने हे सर्वेक्षण चांगले चालते तो अर्थही सांगायला हवा, नाहीतर अन्याय होईल. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था १९५२ साली सुरू झाली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेचे इन्फ्लुएन्झाचे जगभरचे जाळेही उभे राहिले, आणि ही संस्था त्यातले भारताचे राष्ट्रीय केंद्र आहे. निवडक दवाखान्यांतून नमुने येतात, विषाणू वाढवले जातात, त्यांचे वळण तपासले जाते. दरवर्षी फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी लशीत कोणते विषाणू घ्यायचे ते ठरते, आणि त्या निर्णयात इथल्या नमुन्यांचाही हिस्सा असतो. आपल्याकडे फ्लूला दोन चढ येतात, एक पावसाळ्यात आणि बऱ्याच ठिकाणी दुसरा थंडीच्या शेवटी, हेही अशाच चिकाटीच्या मोजणीतून स्थिर झाले. पण हे जाळे विषाणू पकडण्यासाठी विणलेले आहे. विषाणू कसा बदलतो आहे हे कळायला निवडक दवाखाने पुरतात. वणी तालुक्यात किती लोक आजारी पडले हे कळायला पुरत नाहीत. आणि ज्या लशीसाठी हे सगळे चालते ती राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही, ती विकत घ्यावी लागते.

गाव पातळीवर फ्लूचा भार मोजायचा तर काय लागते, त्याचा नमुना महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या वढूच्या परिसरात केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने गावे नियमित शिरगणतीखाली आणली. माणसे किती हे आधी ठाऊक, परिसरातले दवाखाने ठाऊक, भरती होणाऱ्यांचे घशाचे नमुने पुण्याला. त्यामुळे २००९ च्या साथीत आणि नंतर लोकसंख्येच्या प्रमाणात किती माणसे फ्लूने भरती झाली हे सांगता आले. छेद होता म्हणून. पण पुण्याजवळचा वढू तो वढू, त्यावरून मराठवाडा-विदर्भाचा अंदाज बांधायचा तर अंतर पडतेच.

अंतर हा शब्द वणीत शब्दशः घ्यावा लागतो. जिल्ह्याचे ठिकाण यवतमाळ शंभर किलोमीटरच्या पलीकडे, चंद्रपूर त्याच्या निम्म्यावर. धाप लागलेला माणूस जिल्ह्याची हद्द बघत नाही. तो चंद्रपूरला जातो, पैसे असतील तर नागपूरला, नसतील तर सेवाग्रामला. नागपूरच्या आकडेवारीत मग तो 'शहराबाहेरचा' होतो. खाणकामगाराला वेकोलिचा दवाखाना असतो आणि वेकोलिच्या 'वणी क्षेत्रा'त घुग्घूससारखा चंद्रपूर जिल्ह्यातला मुलूखही येतो. कोळसा मोजणाऱ्यांनी जिल्ह्याची रेघ केव्हाच पुसली, ताप मोजणाऱ्यांना ती अजून लागते. एके काळी या साऱ्या जिल्ह्याचेच नाव वणी होते, इंग्रजी कागदांत 'वून'. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते यवतमाळ झाले.

'हंगामी फ्लू' हा सरकारी शब्दप्रयोग इथे कानाला विचित्र लागतो. हंगाम म्हणजे कापसाचा. फ्लूचा पावसाळी चढ निंदण-फवारणीच्या दिवसांत येतो आणि थंडीतला वेचणी-जिनिंगच्या दिवसांत. रोजीचे दिवस तेच. अंगात ताप असताना शेतात जाणारी बाई 'अ' वर्गात राहते ती आजार सौम्य आहे म्हणून, की भरती व्हायला परवडत नाही म्हणून? आजाराची तीव्रता भरतीवरून मोजायची असे एकदा ठरले की मजुरीचा दर वैद्यकीय आकड्यात शिरतो आणि कोणाला दिसत नाही.

आता तो एस नमुन्याचा शेवटचा रकाना. २०१७ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर स्वाइन फ्लूची मोजणी चालू असताना यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर विषबाधेने दवाखान्यात येत होते. उलट्या, घाम, धूसर दिसणे, श्वास अडकणे. वीसहून अधिक माणसे मेली, शेकडो भरती झाली. हे काही दिवसांत झाले नाही, जुलै-ऑगस्टपासून चालू होते. मुंबईत त्याची चर्चा झाली ती सप्टेंबर संपताना, वर्तमानपत्रांत मृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्यावर, आणि विभागीय आयुक्तांच्या हाताखाली विशेष तपास पथक नेमले गेले ते ऑक्टोबरात. नेहमीच्या यादीत न बसणाऱ्या, माणसाला मरणाकडे नेणाऱ्या लक्षणांसाठी नमुन्यात जागा होती. साथ ओळखण्यासाठी उभी केलेली यंत्रणा दर सोमवारी कागद पाठवत होती. तिचे लक्ष जंतूंकडे होते. 'साथ' म्हणजे एकापासून दुसऱ्याला होणारा आजार, ही समजूत इतकी पक्की की एकाच बाटलीपासून अनेकांना झालेला आजार साथ म्हणून ओळखू येत नाही. फ्लूच्या सर्वेक्षणावर लिहिताना हे आडवाटेचे वाटेल. पण यंत्रणेची परीक्षा ती काय मोजते यापेक्षा तिच्यासमोरून काय निघून जाते यावर करावी, या मताचा मी आहे, आणि यवतमाळइतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे सापडत नाही.

मागे जाऊन १९१८ बघू. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवरचे शिपाई आजारी पडले, पहिली लाट उतरली, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी लाट आली ती रेल्वेने मुलूखभर गेली. आपल्या लोकांनी तिला 'मानमोडी' म्हटले. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा सर्वांत जास्त झळ बसलेल्या प्रांतांपैकी. पाऊस त्या वर्षी दगा देऊन गेला होता, धान्य महाग होते. हिंदुस्थानचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ मध्ये प्राथमिक अहवाल लिहिला. ब्रिटिश मुलखात साठ लाख मृत्यू असा सुरुवातीचा अंदाज होता. नंतरच्या संशोधकांनी सव्वा कोटींपासून पावणेदोन कोटींपर्यंतचे आकडे काढले. १९११ ते १९२१ हे लोकसंख्या घटलेले एकमेव दशक ठरले. एवढी तफावत का? कारण गावात मरणाची नोंद करणाऱ्याकडे पटकी, देवी, प्लेग, हगवण आणि 'ताप' एवढेच पर्याय होते. मानमोडीने मेलेले बहुसंख्य लोक 'तापा'त जमा झाले. आणि साथ ऐन भरात असताना नोंद करणारेच अंथरुणावर होते. सर्वांत जास्त माणसे मेली त्या आठवड्यांची वही सर्वांत कोरी.

मग आकडा निघाला कसा? एरवीच्या ऑक्टोबरात 'तापा'ने जेवढे मरत, त्याहून या ऑक्टोबरात किती जास्त मेले, ती वजाबाकी करून. ही युक्ती विल्यम फार यांनी १८४७ च्या लंडनच्या साथीत वापरली होती. तिला रोगाचे नाव लागत नाही, स्वॅब लागत नाही, नियमित नोंद तेवढी लागते. कोविडच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने हीच पद्धत वापरून २०२०-२१ मध्ये भारतात सत्तेचाळीस लाख जादा मृत्यूंचा अंदाज केला; सरकारी आकडा पाच लाखांच्या आत होता. सरकारने पद्धतीवर आक्षेप घेतला. पद्धतीवर वाद जरूर घालावा, पण वाद मिटवायला लागणारी गोष्ट, म्हणजे गावागावातली महिन्यावार मृत्यूनोंद, सरकारच्याच ताब्यात असते. वणी तालुक्यातल्या ग्रामपंचायतींचे गेल्या दहा वर्षांचे ऑगस्ट महिने एकमेकांशेजारी ठेवले तर फ्लूच्या पावसाळ्यांची रेघ दिसू शकेल, कोणाच्याही घशात काडी न घालता. साप्ताहिक अहवालाला ते सुचत नाही, कारण त्याची भाषा 'उद्रेका'ची आहे. दरवर्षी थोडी थोडी माणसे नेणारा आजार त्याच्या व्याकरणात बसत नाही.

मराठी साहित्यानेही मानमोडीची नोंद फारशी चांगली ठेवली असे म्हणवत नाही. हिंदीत निराला यांनी 'कुल्ली भाट'मध्ये त्या साथीत उद्ध्वस्त झालेले आपले घर लिहून ठेवले. आपल्याकडे प्लेग ठळक आहे आणि मानमोडी पुसट. प्लेगला रँड होता, घरात शिरणारे सोजीर होते, २२ जून १८९७ ची रात्र होती. कथेला लागणारे सगळे होते. मानमोडीने कोणाच्या घराचे दार तोडले नाही. दोन-तीन आठवड्यांत माणसे गेली आणि आठवणीत उरले ते म्हातारीच्या बोलण्यातले एखादे वाक्य: तो मानमोडीच्या सालचा. जन्मसाल सांगायची खूण म्हणून. माणसांना नेणारी साथ आठवणीत तगली ती माणसांचे वय मोजायला.

आणि ज्या वह्यांत ते ऑक्टोबरचे 'ताप' लिहिले गेले त्या कोतवाल बुकांना वऱ्हाडात आज चांगली मागणी आहे. त्यांत जन्म आणि मरण लिहिताना जात लिहिलेली असे. जात पडताळणीसाठी पणजोबा-खापरपणजोबांची नोंद हवी असते, म्हणून तहसिलीच्या अभिलेख कक्षात अर्ज पडतात, मोडीतली पाने शोधली जातात, नक्कल मिळते. शोधणाऱ्याचे बोट नावावर थांबते, मग जातीच्या रकान्याकडे सरकते. मरणाच्या कारणाचा रकाना तिथेच बाजूला असतो.